तळातलं रान

आमच्या विहिरीचं पाणी बिघडलंय हे आम्हाला सगळ्यांत आधी तुरीच्या डाळीवरून कळलं. आई सकाळी चुलीवर डाळ चढवून रानात जायची आणि माझी थोरली बहीण, आक्का, जाळ घालत बसायची. पूर्वी भाकऱ्या थापून होईपर्यंत डाळ शिजून पातेल्याच्या बुडाला लागायची. त्या साली ती शिजेना. वरून मऊ दिसायची, पण बोटांत दाबली की आत कणी लागायची. आक्का शेणकुटांमागून शेणकुटं घालायची, धुरानं डोळे लाल करून घ्यायची, आणि तरी दुपारी ताटात यायचं ते वर नुसतं तिखट पाणी आणि खाली डाळीचे खडे. आई रानातून आली की तिला बोलायची, "जाळ घालायचं बी जमंना तुला. सासरी जाऊन काय सासूचं डोसकं शिजवणार हाईस?" आक्का म्हणायची, "मग तूच बस की हितं." मी मधे बसून खडे चावायची. मला त्यांचा आवाज आवडायचा. लहानपणी काय आवडेल सांगता येत नाही.

शेवटी आईनं नदीवरून एक घागर आणली आणि एकाच डब्यातली डाळ दोन पातेल्यांत शिजवली. नदीच्या पाण्यातली शिजली, विहिरीच्या पाण्यातली तशीच राहिली. तिनं दोन्ही वाट्या आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, पुढं ठेवल्या. आबांनी दोन्हींत बोट घालून बघितलं. "डाळ जुनी असंल," म्हणाले. "एकाच डब्यातली हाय." "मग भांड्याला कायतरी झालं असंल." आईनं शिजलेली वाटी उचलून आम्हा पोरींना दिली आणि न शिजलेली आबांच्या ताटात ओतली. त्यांनी ती खाल्ली. ते माणूस तसलंच होतं, चुकलो म्हणायचं नाही पण खडे मुकाट्यानं खायचं.

मी चौथीपर्यंत शिकले. मातीत काय असतं आणि पाण्यात काय विरघळतं याचं शास्त्र मला विचारू नका. मला जे दिसलं आणि तोंडाला लागलं तेवढंच लिहिते.

आमचं रान गावाच्या खालच्या अंगाला होतं. वरचा निम्मा भाग विहिरीजवळ, जरा उंचावर, आणि खालचा निम्मा ओढ्याकडं उतरत गेलेला. आम्ही त्याला तळातलं रान म्हणायचो. माती काळी, ओली असली की पायाला चिकटून वहाण ओढून घेणारी. आमच्या वर दत्तूतात्यांचं रान होतं, आणि आमच्या खाली ओढ्याला लागून जो तुकडा होता तोही त्यांचाच. नदीचं पाणी पंपानं उचलून आमच्या भागात यायच्या आधी तिथं शाळू व्हायचा, भुईमूग व्हायचा, बांधाला तूर असायची. पाणी आलं आणि सगळं गाव उसाकडं वळलं. मला आठवतं तेव्हापासून ऊसच होता. दिवसभर पंपाचा घुमणारा आवाज, गुऱ्हाळाच्या काहिलीचा गोड वास, गाड्यांच्या बैलांची घुंगरं, आणि पाट वाहायला लागला की पाटकऱ्याची लांबून आरोळी, "पाणी आलंयऽऽ, मोहरी फोडाऽऽ." मोहरी म्हणजे पाटातून रानात पाणी घ्यायचं तोंड. ती आरोळी आली की आबा जेवत्या ताटावरून उठायचे.

पाण्याची पाळी कधी सोडायची नाही, हा आमच्या गावाचा धर्म होता. रानाला पाणी लागो न लागो, पाळी आली की घ्यायची. घेतली नाही तर शेजारी घेतो, एकदा घेतली की त्याला सवय होते आणि मग ती परत मिळत नाही, असं सगळे मानायचे. पाऊस पडून गेलेल्या रानातसुद्धा लोक पाणी सोडून उभे राहायचे. गुडघाभर पाण्यात उभा राहून माणूस दुसऱ्याला ओरडून सांगायचा, "माझं अजून भिजलं न्हाय." कुणाचं रान किती भरलं यावर त्याची ऐपत ठरायची. माझी आई गडहिंग्लजच्या बाजूची, माळरानातली. तिच्या माहेरी पाणी म्हणजे आभाळातून पडेल तेवढं. हुलगं, नाचणी, कोरडवाहू मिरची. तिला हे बघून कसंतरी व्हायचं. "जमिनीला बी पोट असतंय," म्हणायची. "किती पाजणार हाईसा?" आबा म्हणायचे, "तुमच्या माळावरच्या लोकांस्नी पाणी बघून भ्या वाटतंय." आणि हसायचे. तेव्हा ते हसायचे.

तळातल्या रानात मीठ फुटलं तेव्हा आम्हाला आनंद झाला होता, हे आज कुणाला खरं वाटत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की सरीच्या वरंब्यावर पांढरं पीठ शिंपडल्यासारखं दिसायचं. आक्काला कुणी तरी सांगितलं की त्यानं कपडे चांगले निघतात. आम्ही दोघी घमेलं घेऊन जायचो, खापराच्या तुकड्यानं ते पीठ खरवडायचो आणि कपड्यांच्या बोचक्याबरोबर नदीवर न्यायचो. खरंच कपडे निघायचे. आबांचं धोतर, माझं शाळेचं पोलकं, सगळं लख्ख. आजूबाजूच्या बायका आमच्याकडं पीठ मागायला यायच्या. आक्का त्यांना आधी ताटकळत ठेवायची आणि मग मूठभर द्यायची, सोनं दिल्यासारखी. आमचं रान मरत होतं आणि आम्ही सगळ्या गावाची धुणी पांढरी करत होतो. आईनं एकदा ते पीठ जिभेला लावून बघितलं आणि थुंकली. "ह्याच्यात ऊस कसा काय जगतोय?" तिनं विचारलं. ऊस जगत नव्हताच. शेंडे करपत होते, पेरं आखूड झाली होती, आणि जिथं पीठ जास्त तिथं नुसता लव्हाळा.

आबांना दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांना जे दिसलं त्याचा अर्थ त्यांनी उलटा लावला. वाळलेल्या पांढऱ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या, पानं पिवळी होती. शेतकऱ्याच्या डोळ्याला ही तहान वाटते. "रान तापलंय," ते म्हणाले, आणि दर पाळीला तळात जास्त पाणी सोडायला लागले. बाकीचेही हेच सांगायचे. दत्तूतात्या बांधावर बसून तंबाखू मळत म्हणायचे, "मुरवून पाज बघ, गड्या. खार खाली बसतोय." खार खाली बसायचा आणि पंधरवड्यानं परत वर यायचा, आधीपेक्षा जाड. मग म्हस विहिरीचं पाणी पिईना. हुंगायची आणि मान फिरवायची. चहात दूध फाटायला लागलं. घरातलं प्यायचं, शिजवायचं पाणी नदीवरून डोक्यावर आणायचं काम माझ्या आणि आक्काच्या वाट्याला आलं.

तेव्हा आईच्या मनात एकच गोष्ट होती. तळातलं गेलं ते गेलं, पण विहिरीजवळचा वरचा निम्मा भाग वाचवायचा. तेवढ्यावर घर चालणार होतं. तिनं तिथं, उसाच्या कडेला, कमरेएवढा खड्डा खणला. तिच्या माहेरी पेरणीच्या आधी ओल कुठवर आहे ते असा खड्डा घेऊन बघायचे. खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलं. ती रोज जाऊन त्यात काठी बुडवून बघायची आणि वर मोडकी पाटी झाकून ठेवायची. पाळी होऊन गेली की पाणी वर चढायचं. तिनं आबांना खड्ड्यापाशी नेलं, काठी दाखवली. "हे वर आलं की मुळ्या कुजत्यात, आन् मग मीठ. ह्या बारीला पाळी सोडूया." आबा म्हणाले, "पाळी सोडायची? तुझं डोसकं ठिकाणावर हाय काय?"

त्या उन्हाळ्यात पाळी आली त्या सकाळी आबा तोंड धुवत होते. आरोळी आली तेव्हा त्यांनी बघितलं, खोरं जागेवर नव्हतं. आम्ही रानात पोचलो तेव्हा आई मोहरीत बसली होती. तिनं तोंड चिखलानं बुजवून, वर दगड लावून, पुढं मांडी घातली होती. खोरं मांडीवर आडवं. पाट भरून वाहत होता आणि पाणी तिच्या पाठीपर्यंत येऊन वळत होतं. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. हुसेनचाचा, आमच्या भागाचा पाटकरी, डोक्याला टॉवेल गुंडाळून पलीकडं उभा होता. "वैनी, उठा की," तो सांगत होता. "पाणी काय माझ्या बापाचं न्हाय, सांगितलं म्हणून थांबायला." आई म्हणाली, "थांबवू नगासा. फुडं जाऊ दे." आजूबाजूच्या रानांतली माणसं बांधावर जमली होती. कुणीतरी म्हणालं, "दादला पाण्यासाठी भांडतोय हे बघितलं हुतं, बायकू पाणी नगं म्हणतीया हे नवीनच हाय." हसले सगळे.

"अगं ऊठ," आबा हळू आवाजात म्हणाले. "गाव बघतंय."

"बघू दे. गावानं बघावं म्हणूनच बसलोय."

दत्तूतात्या पुढं आले. "वैनी, पाणी नगंच असंल तर हिकडं येऊ द्या. माझा ऊस लई तान्हेला हाय." ते वाईट बुद्धीनं बोलले नव्हते. वाया जाणारं पाणी मागितलं, एवढंच. आबा बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं आता ते आईला ओढून काढणार. त्यांनी हुसेनचाचाकडं बघून हात केला, "तात्यांच्या रानात काढ," म्हणाले, आणि घराकडं चालायला लागले. त्यांनी आईला मारलं नाही. मारलं असतं तर तिनं दुप्पट बोलून घेतलं असतं. न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं, आणि ते बरेच दिवस बोलले नाहीत. घरात नुसता भांड्यांचा आवाज. आक्का मला कोपरानं ढोसून सांगायची, "तू बोल." मी म्हणायची, "काय बोलू?"

आई मात्र खुशीत होती. रोज खड्ड्याकडं जायची, पाणी उतरायची वाट बघायची. पहिले काही दिवस ते होतं तिथंच राहिलं. मग एका सकाळी तिनं पाटी बाजूला केली आणि काठी घातलीच नाही, कारण पाणी वरूनच दिसत होतं. ती पालथी पडली, हात घालून ओंजळ काढली, तोंडात घेतली, थुंकली. आमच्या रानात पाण्याचा थेंब सोडलेला नव्हता. वर दत्तूतात्यांनी त्यांची पाळी आणि आमची पाळी, दोन्ही पाजली होती. ती उठून बसली आणि वरच्या बांधाकडं बघत म्हणाली, "जमिनीच्या खालनं आलं." मी तिला इतकं हरलेलं आधी कधी बघितलं नव्हतं, आणि नंतर बघितलं ते तिच्या शेवटच्या आजारात.

आबांनीही येऊन खड्डा बघितला. मला वाटलं होतं आता ते तिला सुनावतील. गेलेली पाळी परत मिळवायला त्यांना पुढं हुसेनचाचाच्या मागं पुष्कळ फिरावं लागलं, सुनावायला तेवढं कारण होतं. ते फक्त उकिडवे बसले आणि खड्ड्यात बघत राहिले. मग म्हणाले, "हितं चर हुता."

चर म्हणजे बांधाकडेनं खणलेली लांब नाली. आई नवी नवरी होऊन आली तेव्हा तो होता. विहिरीपासून निघून आमच्या रानाच्या कडेनं, दत्तूतात्यांच्या खालच्या तुकड्यातून ओढ्यापर्यंत जायचा. माझे आजोबा दर वर्षी पावसाळ्याच्या आधी तो साफ करायचे. रानातलं जास्तीचं पाणी त्यातून पाझरून ओढ्याला लागायचं. ऊस आला तशी आबांनी तो बुजवला आणि तिथं दोन सऱ्या वाढवल्या. सगळ्या गावानं आपापले चर असेच बुजवले. चांगली जमीन नालीसाठी मोकळी ठेवायची म्हणजे लोकांना उधळपट्टी वाटायची. ज्या साली पाणी आत यायला लागलं, त्याच साली आम्ही ते बाहेर जायची वाट बंद केली. हे आज लिहिताना इतकं सरळ दिसतं की राग येतो.

दुसऱ्या दिवसापासून आई चर उकरायला लागली. उभा ऊस काढून. आबा बांधावर बसून बघत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते घरात गेले, दुसरं खोरं घेऊन आले आणि खालच्या टोकाकडून सुरुवात केली. दोघं बोलत नव्हते. आम्ही पोरी घमेल्यानं माती उचलत होतो. आई दुपारी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं घेऊन यायची, गुळाचा खडा घालून, आणि आबांच्या पुढं गडवा ठेवून लांब जाऊन बसायची. ते पिऊन म्हणायचे, "मीठ कमी हाय." ती म्हणायची, "रानात लई हाय, घ्या की." त्यांचं बोलणं असं सुरू झालं. चर जसजसा खोल गेला तसं त्याच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. तांबूस, वर तेलकट तवंग. ते हळूहळू उताराला लागलं तेव्हा आक्का त्याच्या बरोबरीनं चालत गेली, पोरं मिरवणुकीबरोबर चालतात तशी. आमच्या हद्दीपर्यंत पाणी गेलं. पुढं दत्तूतात्यांचा बांध. तिथं ते थांबलं आणि फुगायला लागलं.

आबा आणि आई दोघं त्यांच्याकडं गेले. मी मागं होते. तात्यांनी चहा सांगितला, घोंगडं टाकलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चर माझ्या रानातनं न्यायचा म्हंजे माझ्या तीन सऱ्या जात्यात. आन् तुझं खारं पाणी माझ्या चांगल्या जमिनीतनं का म्हणून?"

आई म्हणाली, "तुमचं पाणी वरनं आमच्यात येतंय तवा इचारून येतंय काय?"

"येताना कुणी बघितलंय?" तात्या म्हणाले. ते चिडले नव्हते. "चर दिसतोय, वैनी. ते दिसत न्हाय. न दिसणाऱ्या पाण्यासाठी मी माझं रान फोडू?"

चहा आला. त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा होता, फाटलेला नव्हता. आम्ही तो पिऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी तात्यांनी घरचा गूळ पाठवला. आईनं तो म्हशीला चारला.

चर तसाच तुंबून राहिला. त्यात बेडूक झाले, पाणकणीस उगवलं. वरचा निम्मा भाग लगेच गेला नाही. एखादा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा फुटवा, बरा येतोय असं वाटायचं, आणि पुढच्या साली आणखी एक सरी पांढरी व्हायची. आबा सकाळी उठून आधी ती कडा बघायला जायचे, घरात आजारी माणूस असल्यावर उठल्याबरोबर त्याच्या तोंडाकडं बघतात तसे. शेवटी विहिरीभोवतीची तूर राहिली, मग तीही गेली. आबा दुसऱ्यांच्या रानात ऊस तोडायला जायला लागले. आईनं म्हशी वाढवल्या आणि त्यांच्यासाठी नदीवरून पाणी वाहिलं. आक्काचं स्थळ आलं तेव्हा पाव्हण्यांनी घर बघितलं, पोरगी बघितली, रानाचं विचारायचं टाळलं. आबांनी त्यांना एकच विचारलं, "तुमच्यात डाळ शिजती काय?" पाव्हणं हसले. त्यांना थट्टा वाटली. आई हसली नाही. तिनं आबांकडं बघितलं आणि आत गेली. तेवढं एकदाच त्यांनी कबूल केलं, तेही परक्या माणसासमोर. काही वर्षांनी दत्तूतात्यांच्या खालच्या तुकड्यात, ओढ्याच्या काठाला, पांढरं पीठ दिसायला लागलं. मी तेव्हा लग्न होऊन गडमुडशिंगीला आले होते. आईनं मला ते सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जराही आनंद नव्हता. "त्यांचं बी गेलं," एवढंच म्हणाली.

आता आक्काचा मुलगा, माझा भाचा सचिन, ती जमीन बघतो. सरकारी माणसं तिला क्षारपड म्हणतात. नाव मिळालं, तोवर माणसं गेली होती. जमिनीच्या खाली भोकांचे पाईप पुरून पाणी ओढ्याला सोडलंय. पाईप दत्तूतात्यांच्या नातवांच्या रानातून जातात. त्यांनी लगेच होकार दिला, कारण आता त्यांच्याही रानात लव्हाळ्याशिवाय काही राहिलेलं नाही. पाईप पुरला तो बराचसा जुन्या चराच्याच वाटेनं. मी जाऊन बघितलं. ओढ्याच्या काठाला पाईपच्या तोंडातून पाणी पडत होतं, रात्रंदिवस पडतं म्हणे. मी तिथं काठी टेकून बराच वेळ उभी होते. सगळे म्हणत होते मावशीला भरून आलं. मला काही भरून आलं नव्हतं. गुडघे दुखत होते.

पाईप घातल्यापासून सचिन दर वर्षी पाऊस संपला की जुन्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून मला आणून देतो. तो ते तपासायलाही पाठवतो, कागद येतो, पण त्याला माझ्याकडून ऐकायचं असतं. मी कुकर वापरत नाही. उघड्या पातेल्यात तूरडाळ चढवते, मंद गॅसवर, आणि जवळ खुर्ची घेऊन बसते. या वर्षीही बसले. डाळ फुलली, कडा सुटल्या, वास चांगला आला. मला एकदा वाटलं, शिजली. मग दाणा बोटांत दाबला. आत कणी होती.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "मावशी, शिजली काय?"

"न्हाय."

"थोडी बी न्हाय?"

"बारीक कणी हाय. गेल्या साली मोठी हुती."

तो म्हणाला, "फुडच्या साली परत आणतो."

"आण. मी असलो तर बघू."

फोन ठेवला आणि या साली ती डाळ टाकून न देता तिचीच आमटी केली, आईसारखी, तिखट जास्त घालून. भाकरी कुस्करून जेवले. ताटात खाली खडे राहिले, तेही चावून खाल्ले. त्या रानातलं काहीतरी, पाणी का असेना, पोटात जाऊन मला फार वर्षं झाली होती.